वाजवून पाहिलेलं झाड

झाड आतून भरीव आहे की पोकळ, हे सांगायला खारमामाला एक लाकडी हातोडा आणि स्वतःचा कान एवढंच लागायचं. हातोडा उजव्या हातात, डावा कान बुंध्याला टेकलेला, डोळे मिटलेले. वीत-वीत अंतरावर ठोके मारत तो बुंध्याभोवती एक पूर्ण फेरी मारायचा. मग गुडघ्यांवर बसून मुळांपाशी दुसरी फेरी आणि शिडीवर उभं राहून तिसरी. भरीव लाकूड ठक्क वाजतं, जाड फळीवर ठोका पडावा तसं. पोकळ झाड डब्ब वाजतं. फेऱ्या संपल्या की गुडघ्यांची माती झटकत तो उठायचा आणि एका वाक्यात निकाल द्यायचा. "फांद्या हलक्या करू, झाड राहील," नाहीतर, "हे काढावं लागेल." त्या निकालावर कुणी वाद घालत नसे. सरकारी कचेरीतले साहेबसुद्धा कागदावर सही करण्याआधी विचारायचे, "खारमामानं वाजवून बघितलंय ना?"

हे नाव त्याला शाळेतल्या पोरांनी दिलं होतं. तरुणपणी शाळेच्या मैदानातलं मोठं झाड छाटायला तो दोर लावून सरसर वर गेला, तेव्हा सगळे वर्ग खिडक्यांना चिकटले होते. तेव्हा कुणीतरी जे ओरडलं ते चिकटलं ते चिकटलंच. पुढे धंद्यासाठी छोटा ट्रक घेतला तेव्हा त्यानं दारावर 'झाडांची छाटणी व कापणी' असं लिहून घेतलं आणि बाजूला एक खार काढायला सांगितली. पेंटरनं जे काढलं ते बघून लोक विचारायचे, "उंदीर मारायचंही काम घेता का?"

धंद्यात माणसं तीन. वर खारमामा, खाली दोर धरायला त्याचा मेव्हणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, आणि घरी फोन व वही सांभाळायला बायको. लोकांना वाटतं, झाडाचं काम म्हणजे करवत चालवणं. करवत शेवटी येते. त्याआधी ट्रक फाटकातून आत जातो की नाही, विजेची तार कुठून गेली आहे, तोडलेली फांदी कुठे उतरवायची, पालापाचोळा कोण नेणार, हे सगळं बघावं लागतं. एखाद्या घरट्यात पिल्लं असली तर बायको वहीत त्या पानावर घरट्याचं चित्र काढून ठेवायची आणि गिऱ्हाइकाला ठणकावून सांगायची, "तीन आठवडे थांबा. ती आधीपासून राहतायत." आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे शेजारी कसा आहे ते बघावं लागतं. खारमामा म्हणायचा, आपला निम्मा धंदा झाडांचा आणि निम्मा शेजाऱ्यांचा.

मेव्हण्याचं काम दिसायला सोपं होतं. छपरावर आलेली जड फांदी नुसती कापून चालत नाही. तिला आधी दोर बांधायचा, तो दोर वरच्या बेचक्यातून खाली आणायचा आणि बुंध्याला दोन वेढे देऊन खालच्या माणसाच्या हातात द्यायचा. वरून "सोड" आलं की त्यानं दोर हळूहळू सैल करत फांदी जमिनीवर अशी ठेवायची की खालची कुंडीसुद्धा हलू नये. खारमामाचा स्वतःचा दोरही त्याच माणसाच्या नजरेखाली असायचा. मेव्हणा फार बोलायचा नाही. बावीस वर्षांत त्याच्या हातून दोर एकदाही निसटला नव्हता. कुणी कौतुक केलं तर म्हणायचा, "दाजी पडले तर ताई मला घरात घेणार नाही, म्हणून धरतो."

करवत चालवताना कानांवर जाड टोप्या घालायच्या असतात. मेव्हणा घालायचा. खारमामानं कधी घातल्या नाहीत. फांदी मोडण्याआधी करकरते आणि ती करकर वेळेवर ऐकू आली म्हणून आपण दोनदा वाचलो, असं त्याचं म्हणणं होतं. ते खरंही होतं. पण तीस वर्षं करवत कानाशी किंचाळत राहिली, त्याचा हिशेब त्यानं कधी केला नाही. साठीच्या आसपास तो फोन उजव्या कानाला लावायला लागला. घरात हाक मारली तर दुसऱ्या हाकेला वळायला लागला.

"झाडांचं सगळं ऐकू येतं तुम्हाला," बायको म्हणायची, "माझंच तेवढं येत नाही."

"झाडं कामापुरतंच बोलतात," तो म्हणायचा आणि दोघं हसायची. त्याला हसणं सोयीचं होतं. आपल्याला कमी ऐकू येतंय हे मनातल्या मनात त्याला कळत होतं, पण कळून घ्यायचं नव्हतं. ज्याचा कान गेला, त्याचा निकाल कोण मानणार?

त्या वर्षी एक गोष्ट वहीत दिसायला लागली होती. छाटणीची कामं कमी आणि अख्खं झाड काढायची कामं जास्त. बायकोनं एकदा बोलूनही दाखवलं, "यंदा सगळी झाडं पोकळच निघतायत की." तो म्हणाला, "झाडंही म्हातारी होतात." पूर्वी त्याचा एक नियम होता. झाड डब्ब वाजलं तरी लगेच बोलायचं नाही. आधी गिरमिटानं पेन्सिलीएवढं एक भोक पाडायचं आणि बाहेर येणारा भुसा बघायचा. भुसा पांढरा, ओलसर असेल तर झाड चांगलं. तपकिरी, भुसभुशीत असेल तर आत सडलंय. नाव झाल्यावर हा नियम सुटला. गिरमिट काढलं की गिऱ्हाईक म्हणायचं, "तुम्हालाही खात्री करावी लागते?" त्या प्रश्नाचा त्याला राग यायचा.

अशा दिवसांत बाईंचा निरोप आला.

बाई म्हणजे गणिताच्या निवृत्त शिक्षिका. एकट्या राहायच्या. त्यांच्या अंगणात, कुंपणाच्या भिंतीला लागून, एक जुनं झाड होतं. राखी सालीचं, दोघांच्या कवेत न मावणारं. सकाळी त्याच्या सावलीत त्यांची खुर्ची, वर्तमानपत्र आणि शिकवणीला येणाऱ्या चार मुली. भिंतीपलीकडे कापडाचं दुकान असलेले गृहस्थ राहायचे. झाडाची निम्मी पानं त्यांच्या पन्हळीत पडायची आणि एक भली मोठी फांदी त्यांच्या पत्र्यावर आलेली होती. झाड पोकळ आहे, ते आपल्या डोक्यावर पडणार, असं दुकानदार दहा वर्षं म्हणत होते. झाड ठणठणीत आहे, असं बाई दहा वर्षं म्हणत होत्या. शेवटची काही वर्षं दोघांत बोलणंच नव्हतं. शेवटी दुकानदारांनी कचेरीत अर्ज दिला आणि तिथून उत्तर आलं की जाणत्या माणसाकडून तपासून घ्या. जाणता माणूस म्हणून दोघांनाही मान्य होणारं एकच नाव निघालं. दहा वर्षांत त्यांचं एवढ्याच गोष्टीवर एकमत झालं होतं.

त्या सकाळी खारमामा बुंध्याशी वाकला तेव्हा बाई पायरीवर उभ्या होत्या आणि दुकानदार भिंतीपलीकडे स्टुलावर चढून बघत होते. त्यानं कान टेकला. ठोका मारला. डब्ब. वीतभर पुढे सरकला. डब्ब. मुळांपाशी, शिडीवरून, सगळीकडे तेच, जाड चादरीखालून यावा तसा आवाज.

तो उठला तेव्हा मेव्हणा जवळ आला. "दाजी, गिरमिट आणू का ट्रकमधून?"

"कशाला?"

मेव्हणा जरा घुटमळला. मग हळू, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलून गेला, "मला तर ठक्क ऐकू आलं."

बाईंनी चटकन वर पाहिलं. भिंतीपलीकडे दुकानदार हसले. खारमामाच्या कानशिलांवर रक्त चढलं.

"बावीस वर्षं दोर धरतोस," तो म्हणाला, "दोरच धर."

मेव्हण्यानं मान हलवली आणि ट्रककडे गेला, पण गिरमिट घेऊन आला नाही.

"काढावं लागेल," खारमामा बाईंना म्हणाला.

बाईंनी एकदा वर झाडाकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "तुम्ही म्हणता म्हणजे झालं." त्यांनी खुर्ची उचलली आणि आत नेली.

काम दोन दिवस चाललं. वरून फांद्या उतरवत आणायच्या, मग खोडाचे तुकडे, शेवटी बुंधा. बाईंनी दारं-खिडक्या लावून घेतल्या होत्या. मेव्हणा नेहमीसारखाच काम करत होता. पत्र्यावरची फांदी त्यानं एवढ्या अलगद उतरवली की दुकानदारांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी बुंधा आडवा झाला आणि खारमामानं करवत बंद केली.

खोडाची बैठक, म्हणजे जमिनीत उरलेलं थोटूक, समोर होती. पांढरीशुभ्र, ओली, कडेपासून मध्यापर्यंत वर्तुळावर वर्तुळ. एक डाग नाही, एक चीर नाही. मध्यभागी सुई घुसेल एवढीसुद्धा पोकळी नव्हती. अजून शंभर वर्षं उभं राहिलं असतं असं झाड होतं ते.

मेव्हणा दोराची गुंडाळी खांद्यावर घेऊन बाजूला उभा होता. त्याच वेळी आतून दाराची कडी निघाल्याचं मेव्हण्यानं ऐकलं आणि तिकडे मान वळवली. त्याची मान वळली म्हणून खारमामाला कळलं की बाई येतायत.

पुढचं सगळं मिनिटभरात झालं. ते आपण ठरवून केलं की हातांनी आपोआप केलं, हे त्याला नंतर कधीच नीट आठवलं नाही. त्यानं फावडं घेतलं आणि भुशाचा ढीग बैठकीवर ओढला, आडव्या बुंध्याच्या तोंडावर ताडपत्री टाकली. मग ट्रककडे गेला. आदल्या आठवड्यात दुसरीकडे पाडलेल्या एका झाडाचा ओंडका मागे पडलेला होता. सालीचा रंग जवळपास तसाच, पण आतून पार कुजलेला, नुसती नळी. तो ओंडका त्यानं खाली ओढला आणि बाई पायऱ्या उतरून आल्या तेव्हा त्यांच्या पुढ्यात उभा केला.

"बघा," तो म्हणाला.

बाई खाली बसल्या. त्यांनी त्या पोकळीत हात घातला. कोपरापर्यंत गेला. बाहेर काढला तेव्हा बोटांना तपकिरी चुरा लागलेला होता. त्या कितीतरी वेळ बोटांकडे बघत राहिल्या.

"आणि मी दहा वर्षं त्या माणसाशी भांडले," त्या म्हणाल्या.

मग त्या उठल्या, भिंतीपाशी गेल्या आणि त्यांनी दुकानदारांना हाक मारली. पलीकडून ते धावतच आले. "तुमचं बरोबर होतं," बाई म्हणाल्या. "माझं चुकलं. तुमच्या घरात लहान नातवंडं आहेत. काही झालं असतं तर मी कुठे तोंड दाखवलं असतं?" दुकानदार गोंधळून गेले. हात जोडून म्हणाले, "अहो, असं काय बोलता, मीसुद्धा तुम्हाला काय काय बोललो." आणि त्यांनी घरात चहा टाकायला सांगितलं.

खारमामालाही चहा मिळाला. तो त्यानं भिंतीशी उभ्या उभ्या घेतला. मेव्हण्यानं घेतला नाही. त्याला ओंडके भरायचे होते.

संध्याकाळी लाकूड वखारीत उतरवलं तेव्हा वखारवाला खोडावर हात फिरवत म्हणाला, "काय माल आहे. एक डाग नाही. असलं झाड कोण पाडतं हो?" मेव्हणा ट्रकच्या मागचे दोर सोडत होता. त्यानं मान वर केली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी खारमामा एकटाच यंत्र घेऊन गेला आणि ती बैठक जमिनीखाली हातभर खरवडून काढली. बाई म्हणाल्या, "याचे पैसे?" तो म्हणाला, "नको." बाई म्हणाल्या, "तुमच्यासारखी माणसं राहिली नाहीत."

त्यानंतर मेव्हणा दोन महिने कामाला येत राहिला. वेळेवर येई, दोर धरी, वेळेवर जाई. फक्त बोलायचा नाही. एका कामावर खारमामानं झाड वाजवलं आणि पहिल्यांदाच वळून विचारलं, "तुला काय वाटतं?"

"मला कशाला विचारता?" मेव्हणा म्हणाला. "मी दोर धरतो."

आवाजात राग नव्हता. राग असता तर दोन शब्द बोलून मोकळं होता आलं असतं. महिनाअखेरीला त्यानं सांगितलं की गावाबाहेरच्या रोपवाटिकेत गाडी चालवायची नोकरी मिळाली आहे, येत्या सोमवारपासून नाही येणार. बहिणीला त्यानं कारण सांगितलं ते पाठदुखीचं.

"त्याची पाठ कधी दुखली नाही," बायको म्हणाली. "काय झालं तुमच्यात?"

"काही नाही."

"बावीस वर्षं तुमचा जीव त्याच्या मुठीत होता. काही नाही होऊन माणूस असा जातो?"

त्यानं ऐकू न आल्यासारखं केलं. पण या वेळी तिनं ते सोडून दिलं नाही. दुसऱ्या आठवड्यात तिनंच त्याला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर टोप्या चढवल्या आणि आवाज आला की बटण दाबायला सांगितलं. तो वाट बघत बसला. काचेपलीकडे बायको बसलेली दिसत होती. तिचा चेहरा उतरत चालला होता. तेव्हा त्याला कळलं की आवाज येऊन जातायत.

डॉक्टर तरुण होत्या. त्यांनी कागदावरची खाली घसरत गेलेली रेघ दाखवली. दोन्ही कान अधू, डावा फार. "आवाजातली धार आधी जाते," त्या म्हणाल्या. "कुणी टेबलावर टक टक केलं तरी तुम्हाला उशीवर थोपटल्यासारखं ऐकू येत असेल. आठ-दहा वर्षांपासून कमी होत आलंय हे."

घरी येताना ट्रकमध्ये त्यानं बायकोला सगळं सांगितलं. बाईंचं झाड, मेव्हण्याचं बोलणं, भुसा, तो ओंडका. तिनं मधे एकदाही अडवलं नाही. घर आलं तरी ती उतरली नाही. वही तिच्या मांडीवर होती. तिनं यंदाची पानं उलटून 'काढलं' असं लिहिलेली कामं बोटानं मोजली. नऊ. त्यातली तीन झाडं खरंच पोकळ निघाली होती, ते त्याला आठवत होतं. बाईंचं ठणठणीत होतं. उरलेल्या पाचांच्या बैठका त्यानं नीट बघितल्याच नव्हत्या. निकाल आधीच दिला होता, मग बघायचं कशाला?

"बाकीच्यांचं आता काही कळायचं नाही," बायको म्हणाली. "पण त्या बाईंना जाऊन सांगा."

जायला त्याला तीन आठवडे लागले. गेला त्या सकाळी अंगणात ऊन भरलेलं होतं. खुर्ची व्हरांड्यात आली होती. शिकवणीच्या मुली आता आत बसत होत्या. कुंपणाच्या भिंतीत मधोमध एक छोटं फाटक बसवलेलं दिसलं.

बाईंनी त्याला बसवलं. त्यानं पाण्याचा पेलासुद्धा न उचलता सांगायला सुरुवात केली आणि पाठ केल्यासारखं शेवटपर्यंत सांगितलं. त्या खुर्चीत ताठ बसून ऐकत होत्या.

"म्हणजे झाड चांगलं होतं," त्या म्हणाल्या.

"हो."

"आणि तो ओंडका माझ्या झाडाचा नव्हता."

"नव्हता."

त्यांनी अंगणातल्या रिकाम्या जागेकडे पाहिलं. मग म्हणाल्या, त्याला ऐकू जावं म्हणून जरा मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करत, "हे मला का सांगितलंत?"

त्याच्याकडे उत्तर होतं, येताना शंभर वेळा घोकलेलं. पण तोंडातून निघालं ते वेगळंच. "मला सहन होत नव्हतं."

"आणि मला होईल?" बाई म्हणाल्या. "चार महिने मी या जागेकडे बघून म्हणत होते, बरं झालं, वेळेवर काढलं. आता काय म्हणू?" त्यांनी चष्मा काढून पदरानं पुसला. "तुमचा तो मेव्हणा. त्याचं ऐकून मी विचारायला हवं होतं, एकदा भोक पाडून बघा म्हणून. माझ्या तोंडावर आलं होतं. तुमचं नाव मोठं, म्हणून गप्प बसले."

"चूक माझी आहे बाई."

"तुमचीच आहे," त्या म्हणाल्या. "पण आता एक करा. हे पलीकडे सांगू नका. ते फाटक त्यांनी केलंय. त्यांची नातवंडं माझ्याकडे गणित शिकतात. संध्याकाळी त्यांची मंडळी इथे येऊन बसतात. झाड चांगलं होतं हे त्यांना कळलं, तर आधी त्यांना वाईट वाटेल, मग मला त्यांचा राग येईल, आणि पुन्हा दहा वर्षं जातील. तेवढी आता माझ्याकडे नाहीत."

"नाही सांगत," तो म्हणाला.

"आणि तुम्ही परत येऊ नका."

तो उठला. पायऱ्या उतरून अंगण निम्मं ओलांडलं, तेवढ्यात भिंतीतलं छोटं फाटक उघडून दुकानदार आत आले. त्याला बघून त्यांचा चेहरा फुलला.

"खारमामा! शंभर वर्षं आयुष्य. आत्ताच तुमची आठवण काढत होतो." त्यांनी त्याचा दंड धरला. "माझ्या साडूच्या घरामागे एक झाड आहे, ते जरा वाजवून बघायचंय. तो म्हणतो, तोडू. मी म्हटलं, खारमामा म्हणतील तर तोड, नाहीतर हात लावू नकोस. बाईंना विचारा, यांचा शब्द म्हणजे शब्द. काय हो बाई?"

व्हरांड्यात बाई उभ्या होत्या.

"मी आता झाडं वाजवत नाही," खारमामा म्हणाला.

"का? निवृत्त झालात?"

"मला ऐकू येत नाही."

घराबाहेरच्या माणसापुढे हे वाक्य तो पहिल्यांदाच बोलत होता. दुकानदार हसले, मग त्याच्या तोंडाकडे बघून थांबले.

"चेष्टा करता काय?"

"नाही. डावा कान गेलाय. उजवाही तसाच." तो जरा थांबला. "माझ्या मेव्हण्याला विचारा. रोपवाटिकेत गाडीवर असतो. त्याचा कान चांगला आहे. तो गिरमिट लावून बघेल, मगच सांगेल."

"दोर धरायचा तो?" दुकानदार म्हणाले. "त्याला काय कळतं? त्या दिवशी तर म्हणत होता की हे झाड ठणठणीत आहे."

खारमामानं तोंड उघडलं. व्हरांड्यातून बाई त्याच्याकडे बघत होत्या, एक हात दाराच्या चौकटीवर ठेवून. बावीस वर्षं ज्याच्या हातून दोर निसटला नाही, त्याच्यासाठी बोलायचं एकच वाक्य होतं, आणि तेच न बोलण्याचा शब्द तो आत्ता देऊन आला होता.

"त्याला कळतं," तो म्हणाला. "माझ्यापेक्षा जास्त कळतं. एवढं माझं ऐका."

दुकानदारांनी खांदे उडवले. "तुमचा मोठेपणा आहे हा," ते म्हणाले आणि बाईंकडे वळून आणखी काहीतरी बोलले. खारमामाला ते ऐकू आलं नाही. त्यानं फाटक लोटून घेतलं आणि ट्रककडे चालू लागला.